कंठमणी दिसतो तेवढाच आवाज जाड होतो का?

आठवी-नववीतली मुलं आरशासमोर मान वर करून उभी राहतात आणि गळ्यावरचा उंचवटा किती दिसतो ते बघतात. वर्गात तुलनाही होते. ज्याचा कंठमणी ठसठशीत तो मोठा झाला, ज्याचा दिसत नाही तो अजून बच्चा. ग्वाल्हेरला आमच्या लष्कर भागातली मराठी मुलं हिंदी-मराठी मिसळूनच बोलतात, आणि त्याच भाषेत मला विचारतात, ‘‘काकू, माझा तर निघतच नाहीये. आवाज भारी होईल ना?’’ मी स्पीच थेरपिस्ट आहे, बोलण्याच्या आणि आवाजाच्या तक्रारींवर काम करते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. पण बरीच मुलं तो कोणालाच विचारत नाहीत. एकट्याने काळजी करत बसतात किंवा मोबाइलवर भलतंच काहीतरी वाचतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आई-बाबांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

उत्तर आधीच सांगून टाकते: हो, आवाज खाली उतरेल. कंठमणी पुढे येणं आणि आवाज खाली उतरणं या दोन्ही गोष्टी एकाच वाढीतून होतात, पण एकीवरून दुसरीचं माप काढता येत नाही.

आता स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवा. हनुवटीखालून मधोमध हळूहळू खाली आणा. आधी मऊ भाग लागेल, मग एक आडवं बारीक हाड. त्याच्या खाली एक छोटी खाच लागते, आणि खाचेला लागून जो टणक कोपरा हाताला येतो तोच कंठमणी. आणखी खाली गेलात की एक लहानसा खळगा आणि मग बांगडीसारखी गोल कडा. बोट कंठमण्यावरच ठेवून आवंढा गिळा, तो वर जाऊन परत खाली येईल. तोंड मिटून ‘म्‌म्‌म्’ करा, बोटाला थरथर जाणवेल. एवढ्यावरून कळतं की हे नुसतं हाड नाही, आवाज तयार करणाऱ्या स्वरयंत्राचीच ती पुढची भिंत आहे. हा प्रयोग मुलींनीही करावा, कारण कंठमणी प्रत्येकाला असतो. मुलींचा आणि बायकांचा सहसा दिसत नाही, एवढंच.

ही भिंत कूर्चेची असते, म्हणजे हाडापेक्षा लवचीक. दोन सपाट पाती पुढच्या बाजूला एकमेकींना जोडलेली आणि मागच्या बाजूला उघडी. अर्धवट उघडलेलं पुस्तक कणा आपल्याकडे करून उभं धरलं तर जसं दिसेल तशी तिची रचना. पुस्तक जास्त उघडं असेल तर कणा पुढे येत नाही, मिटत आणलं की कणा टोकदार होऊन पुढे येतो. लहानपणी मुलगा आणि मुलगी यांच्यात फारसा फरक नसतो. वयात आल्यावर पुरुषांमध्ये या दोन पात्यांमधला कोन साधारण ९० अंशांच्या आसपास येतो, बायकांमध्ये तो साधारण १२० अंशांचा राहतो. पातीही पुरुषांमध्ये जास्त मोठी होतात. गळ्यावर दिसतो तो उंचवटा म्हणजे हा पुढे आलेला कणा.

आवाजाशी त्याचा संबंध आतल्या बाजूने आहे. त्या कोपऱ्याच्या बरोबर मागे दोन्ही स्वरतंतूंची पुढची टोकं चिकटलेली असतात. तिथून ते मागे जातात आणि मागच्या दोन छोट्या कूर्चांना जोडले जातात. पुढची भिंत पुढे सरकली की स्वरतंतू लांब होतात. बाळ जन्मतं तेव्हा ते जेमतेम काही मिलिमीटरचे असतात. प्रौढ बाईचे साधारण ११ ते १५ मिलिमीटर आणि प्रौढ पुरुषाचे १७ ते २१ मिलिमीटर. फरक नखाएवढासुद्धा नाही, पण कानाला केवढा मोठा ऐकू येतो!

फुफ्फुसातली हवा वर येते तेव्हा हे तंतू एकमेकांवर आपटत उघडतात आणि मिटतात. सेकंदाला किती वेळा, त्यावर आवाज उंच की खालचा ते ठरतं. वयात येण्याआधीच्या मुलाचे तंतू बोलताना सेकंदाला साधारण २५० ते ३०० वेळा हलतात, प्रौढ पुरुषाचे ११० ते १२५ च्या आसपास, बाईचे २०० च्या थोडे वर. म्हणजे मुलाचा बोलण्याचा आवाज जवळजवळ एक पूर्ण सप्तक खाली येतो. मुलींचाही उतरतो, फक्त दोन-तीन स्वरांनी, म्हणून तो घरात कोणाच्या लक्षात येत नाही.

पण खालचा आवाज फक्त लांबीने येत नाही. तंतू जाड होतात, त्यांच्या आतला स्नायू भरतो, वरच्या नाजूक आवरणाचे थर वेगवेगळे तयार होतात. शिवाय स्वरयंत्र गळ्यात खाली सरकतं, त्यामुळे तंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी लांब होते, पुरुषांमध्ये साधारण १७ सेंटिमीटर. बाईची दोन-तीन सेंटिमीटरने कमी असते. या पोकळीत आवाज घुमतो आणि त्याला भरदारपणा येतो. दोन पुरुष अगदी एकाच स्वरात बोलले तरी एकाचा आवाज जाड आणि दुसऱ्याचा हलका वाटतो तो या पोकळीमुळे. यातलं काहीही बाहेरून दिसत नाही.

दिसतो फक्त तो कोपरा, आणि किती दिसतो हे बऱ्याच अंशी आवाजाशी संबंध नसलेल्या गोष्टींवर ठरतं. मान लांब आणि अंग सडपातळ असेल तर साधा कंठमणीही उठून दिसतो. मानेवर चरबीचा थर असेल, मान आखूड असेल किंवा मानेचे स्नायू भरलेले असतील तर चांगला मोठा कंठमणीसुद्धा झाकला जातो. मोबाइलमध्ये मान घालून बसणाऱ्याचा दिसत नाही, तोच मुलगा ताठ बसला की दिसतो. वजन कमी झालं की ‘आला’ असं वाटतं, तो होताच. म्हणून वर्गातला किडकिडीत मुलगा गळा दाखवून मिरवतो आणि त्याच्या शेजारचा गुबगुबीत मुलगा खालच्या आवाजात बोलतो, यात काही विचित्र नाही.

हे सगळं सुरू होतं मेंदूतून. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना इशारा देते, वृषणं टेस्टोस्टेरॉन तयार करतात, आणि स्वरयंत्राच्या कूर्चा नि स्नायू त्या टेस्टोस्टेरॉनला प्रतिसाद देऊन वाढतात. मुलांमध्ये वयात येण्याची सुरुवात ९ ते १४ या वर्षांत कधीही होऊ शकते, आणि पाच वर्षांची ही तफावत पूर्णपणे नैसर्गिक आहे. पहिली खूण म्हणजे वृषणांची वाढ. तिच्याकडे घरात कोणाचं लक्ष जात नाही आणि त्याबद्दल कोणी बोलतही नाही. आवाज बदलतो तो मधल्या टप्प्यात, उंची झपाट्याने वाढते त्याच्या आगेमागे, बहुतेकांचा साडेबारा ते साडेचौदाच्या दरम्यान. दाढी भरते त्यानंतर. तेव्हा तेराव्या वर्षी ज्याचा आवाज अजून कोवळा आहे त्याला ‘उशीर झाला’ म्हणणं चूक आहे. आवाज फुटण्याचं वयही सगळ्या काळांत एकच नव्हतं. १७२७ ते १७४९ या काळात जर्मनीतल्या लाइपझिगला बाख या संगीतकाराच्या हाताखाली गाणाऱ्या मुलांच्या नोंदी आहेत, त्यांत आवाज फुटण्याचं वय सोळा-सतरा दिसतं. विसाव्या शतकाच्या शेवटी कोपनहेगनच्या गायक मुलांमध्ये ते १४ च्या आसपास आलेलं होतं. मुलांचं खाणंपिणं आणि आरोग्य सुधारत गेलं, हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं.

आता आवाज चिरकण्याबद्दल, कारण मुलांना सगळ्यात जास्त छळतं ते हेच. गणपतीत आरती जोरात चालू असते, सगळे टाळ्या वाजवत असतात, ‘जय देव जय देव’ वर जातं आणि तिथेच मुलाचा आवाज फाटतो. बहीण हसते, मागून कोणीतरी काका म्हणतात, ‘‘अरे वा, कोंबडा आरवला!’’ मुलगा ओठ हलवत राहतो, पण त्या दिवसानंतर गात नाही. हे काका मनाने वाईट नसतात. पण त्या मुलाच्या गळ्यात काय चाललंय हे त्यांना माहीत असतं तर ते गप्प बसले असते.

आवाज उंच करायचा तर स्वरतंतू किती ताणायचे आणि हवा किती सोडायची याचा अंदाज मेंदूला जन्मापासूनच्या सरावाने आलेला असतो. तो अंदाज लहान, पातळ तंतूंचा असतो. इथे काही महिन्यांत तंतू लांब आणि जाड झाले, पण मेंदू जुन्याच हिशेबाने हुकूम देतो. मग स्नायूंची पकड मध्येच सुटते, तंतू फक्त कडेकडेने हलायला लागतात आणि आवाज एकदम वर उडतो. त्यात भर म्हणजे या दिवसांत तंतूंची मागची टोकं नीट मिटत नाहीत, एक बारीक फट राहते. तिच्यातून हवा निसटते, म्हणून आवाज घोगरा किंवा हवेने भरलेला येतो. यात गळा खराब झालेला नसतो. मेंदू नव्या गळ्याला सरावतो आहे, इतकंच. हे चिरकणं बहुतेकांचं काही महिन्यांत, फार तर वर्ष-दीड वर्षात थांबतं. आवाज मात्र त्यानंतरही मुरत राहतो, सतरा-अठरा वर्षांपर्यंत.

ग्वाल्हेरच्या घरांत या सगळ्याला आणखी एक पदर आहे, गाण्याचा. इथे लष्कर भागात गायक कृष्णराव शंकर पंडितांच्या घराण्याची परंपरा आहे, १९१८ साली सुरू झालेलं माधव संगीत महाविद्यालय आहे, डिसेंबरात तानसेन समारोह असतो. अनेक मराठी घरांत मूल सहा-सात वर्षांचं झालं की गाण्याच्या क्लासला जातं. आणि तेरा-चौदाव्या वर्षी त्यातली कितीतरी मुलं गाणं सोडतात. मुली राहतात, मुलं जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा ते टाळता आलं असतं.

अडचण पट्टीची असते, म्हणजे गाताना आपला सा पेटीच्या कोणत्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर धरायचा त्याची. लहान मुलगा काळी चार किंवा काळी पाचमध्ये गात असतो, मुलींच्याच पट्टीत. प्रौढ पुरुष बहुधा काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास गातात. काळी पाचचा सा सेकंदाला साधारण २३३ आवर्तनांचा, काळी एकचा १३९ चा. एवढा मोठा उतार काही महिन्यांत होत असताना क्लासमध्ये मात्र सगळ्यांसाठी एकच पेटी, एकच पट्टी. मुलगा वरच्या सा पर्यंत पोचायला गळा आवळतो, मानेच्या शिरा ताणतो, तरी सूर लागत नाही, आणि ‘बेसूर झाला’ म्हणून बोलणी खातो. ग्वाल्हेर गायकी खुल्या आवाजाची, भरपूर आकाराची, म्हणजे ‘आ’ लावून गाण्याची. मला ती जिवापलीकडे आवडते, पण आवाज फुटत असताना पूर्ण ताकदीने वरच्या सप्तकात आकार लावणं गळ्याला झेपत नाही. या काळात मुलाला त्याच्यापुरती खालची पट्टी द्यावी, ती दर दोन-तीन महिन्यांनी तपासावी, मध्यातले पाच-सहा स्वर हलक्या आवाजात गाऊ द्यावेत. तार सप्तक आणि जोरकस ताना थोडे दिवस बाजूला. या काळात गाणं पूर्ण बंद ठेवावं असं पूर्वीचे काही गुरू सांगत. आज आवाजावर काम करणाऱ्यांपैकी बरेच जण हलकं गात राहण्याचाच सल्ला देतात, माझंही तेच मत आहे. ताल, बंदिशी, राग ओळखणं हे सगळं तर या काळात शिकता येतंच.

आणि खाली उतरलेला आवाज जाडच असला पाहिजे असंही नाही. इंदूरचे गायक उस्ताद अमीर खाँ मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, खोल आवाजासाठी ओळखले जातात. त्यांच्या आधीच्या पिढीतले अब्दुल करीम खाँ यांचा आवाज बारीक, उंच आणि कमालीचा गोड होता. दोघांचीही ध्वनिमुद्रणं आज कोणालाही ऐकता येतात. मुलांना ती एकामागून एक ऐकवावीत.

तानसेनच्या समाधीपाशी चिंचेचं झाड आहे. त्याची पानं चघळली की आवाज गोड होतो, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, आणि बाहेरून येणारे गायकही श्रद्धेने पान तोंडात टाकतात. श्रद्धेला माझा विरोध नाही. पण मुलांनी हे समजून घ्यावं की खाल्लेली कोणतीच गोष्ट स्वरतंतूंपर्यंत जात नाही. आपण गिळतो तेव्हा स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावर झाकण पडतं, तंतू स्वतः घट्ट मिटतात आणि घास मागच्या अन्ननलिकेत जातो. घास स्वरतंतूंवर गेला असता तर जोराचा ठसका लागला असता. ज्येष्ठमध, आलं, हळदीचं दूध यांनी घशाला बरं वाटतं, तेवढंच त्यांचं काम. तंतू ओले राहतात ते दिवसभर पुरेसं पाणी प्यायल्याने. आवाज जाड करणारं चूर्ण, गोळी, काढा असं काही नसतं.

याहून धोक्याची गोष्ट जिममध्ये मिळते. ‘एक इंजेक्शन घे, आवाज आणि बॉडी दोन्ही बनेल’ असं सांगून वाढत्या वयाच्या मुलांना टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्या जातीची औषधं दिली जातात. बाहेरून हॉर्मोन आलं की मेंदू वृषणांना इशारा देणं थांबवतो. वृषणं आकसतात, शुक्राणू कमी होतात. हाडांची वाढणारी टोकं लवकर मिटतात आणि मुलगा जेवढा उंच होऊ शकला असता त्यापेक्षा बुटका राहतो. मुलगा गुपचूप असं काही घेतो आहे अशी शंका आली तर आई-बाबांनी रागावण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्यावं.

आता थोडी वेगळी मुलं. वय सोळा-सतरा, मिसरूड फुटलेलं, उंची भरलेली, कंठमणी स्पष्ट दिसणारा, आणि आवाज मात्र अजून बारीक. फोनवर लोक ‘ताई’ म्हणतात, म्हणून हा मुलगा फोन उचलत नाही. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही. कंठमणी म्हणजे जाड आवाज, हा समज किती पोकळ आहे ते या मुलांकडे पाहिलं की कळतं. त्यांचं स्वरयंत्र पूर्ण वाढलेलं असतं, तंतू लांब झालेले असतात, पण मेंदूने बालपणीच्या उंच आवाजाची सवय सोडलेली नसते. त्यासाठी तंतू सतत जास्त ताणून, स्वरयंत्र वर ओढून धरलं जातं.

आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बिणीतून तंतू बघतात आणि हॉर्मोनची काही तक्रार नाही ना याची खात्री करतात. मग माझं काम सुरू होतं. मी मुलाला बोलायला सांगतच नाही. खोकायला सांगते. खोकला खालच्या, पुरुषी आवाजातच येतो! मग घसा खाकरायला, जांभई देऊन ‘हाऽ’ करत श्वास सोडायला, तोंड मिटून ‘हं’ करायला सांगते. कधी कंठमण्यावर बोटाने हलकासा दाब मागे आणि खाली देते, त्याने तंतूंचा ताण सैल होतो आणि आवाज एकदम खाली उतरतो. (हे शिकलेल्या माणसानेच करायचं, घरी एकमेकांचे गळे दाबू नयेत.) तो आवाज ऐकून मुलगा थबकतो, आणि बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो, ‘‘हा माझा आहे?’’ त्या ‘हं’ला धरून मग ‘हंऽआ’, मग एक शब्द, मग आकडे, मग वाक्य, असं पुढे जातो. बरीच मुलं काही आठवड्यांत त्या आवाजात सहज बोलायला लागतात.

खरी परीक्षा घरी असते. मुलगा नव्या आवाजात ‘आई, पाणी दे’ म्हणतो, घरातले चमकून बघतात, कोणीतरी हसतं, आणि तो परत जुन्या आवाजात शिरतो. म्हणून मी घरच्यांना आधीच सांगते की हसू नका, कौतुकही करू नका, फक्त पाणी द्या. या उपायांनी फरक पडलाच नाही तर शस्त्रक्रिया आहे, जपानच्या इश्शिकी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या पद्धतींपैकी एक. तिने तंतूंचा ताण कमी करतात. पण तिथपर्यंत जायची वेळ क्वचितच येते.

डॉक्टरकडे कधी जायचं तेही सांगते. १४ वर्षं पूर्ण होऊनही वयात येण्याची एकही खूण दिसत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. बहुतेकदा वडील किंवा मामासुद्धा उशिरा वाढलेले असतात आणि काळजीचं कारण नसतं, पण तपासणी हवी. ९ वर्षांच्या आतच आवाज उतरायला लागला तर लगेच दाखवावं. सर्दी-खोकला नसताना आवाज दोन-तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, बोलताना दुखलं, श्वासाला आवाज येऊ लागला, तर ‘वयाचं आहे’ म्हणून थांबू नये. गळ्यावरचा फुगवटा मधोमध आणि टणक असेल तर तो कंठमणी. त्याच्या खाली, मऊसर आणि दोन्ही बाजूंना पसरलेला असेल तर ती थायरॉइड ग्रंथी असू शकते, तीही गिळताना वर-खाली होते, म्हणून आया पुष्कळदा गोंधळतात. एकाच बाजूला गाठ असेल तर ती कंठमणी नाही, तीही तपासून घ्यावी.

गाणाऱ्या मुलांच्या घरी मला आणखी एक विचारतात, आता पुरुषी तानपुरा घ्यायचा का. पुरुषांच्या तानपुऱ्याचा भोपळा मोठा, तारा जाड, आणि किंमतही बरीच. घाई करू नका. पंधराव्या वर्षी काळी दोनमध्ये गाणारा मुलगा अठराव्या वर्षी काळी एकवर येऊ शकतो, किंवा दोनवरच राहू शकतो. तोपर्यंत मोबाइलवरच्या तानपुऱ्याचं ॲप पुरतं, त्यात पट्टी हवी तशी बदलता येते. मुलगा सकाळी आणि संध्याकाळी, जोर न लावता, कोणत्या सा वर आरामात थांबतो ते बघायचं आणि तीच त्या महिन्याची पट्टी धरायची.